‘माझ्याकडे मुलगा-मुलगी भेद नाही’ असे सांगणाऱ्या मैदानावर येण्यापूर्वी

नाशिकमध्ये खोली घेऊन लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव करणाऱ्या मुलींना इंटरव्हल, म्हणजे थोडी थोडी विश्रांती घेत ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा वेगाने धावणे, कशासाठी करतात किंवा भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पहाटे किती वाजता पोहोचावे हे मी सांगण्याची गरज नाही, ते पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडते. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवल्यानंतर पेठ-सुरगाण्याकडच्या घरांत ‘पोरीने धावून काय करायचे’ हा प्रश्न पूर्वीच्या जोराने विचारला जात नाही. मला लिहायचे आहे ते त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल, म्हणजे मैदानावर जागा मिळाल्यानंतर समान वागणुकीच्या नावाखाली जे घडते आणि ज्यात माझ्या उमेदीचा मोठा काळ गेला, त्याबद्दल.

मी ज्या गटात होते तेथील प्रशिक्षक पालकांना अभिमानाने सांगत की, ‘माझ्याकडे मुलगा-मुलगी असा भेद नाही.’ हे ऐकून माझे वडील निर्धास्त होऊन गावी परतले. प्रत्यक्षात त्या वाक्याचा व्यवहार असा होता की मुलांसाठी आखलेले वेळापत्रक जसेच्या तसे आम्हाला लागू होते, आठवड्यातून एकदा सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे राहावे लागे आणि काटा खाली आला की शाबासकी मिळे. पाळीबद्दल मात्र कोणी एक अक्षरही विचारत नसे. माझी पाळी थांबली तेव्हा एका सिनियर मुलीकरवी निरोप आला की शरीर आता सरावाला लागले आहे, चिंता नको. हे वाक्य ज्या मैदानावर ऐकू येईल, तेथून काढता पाय घ्या.

थोडे सविस्तर सांगते, कारण हा सापळा यशासारखा दिसतो. सुरुवातीचे काही महिने वजन उतरते, वेळ सुधारते आणि सगळे कौतुक करतात. मेसच्या डब्यात दोन पोळ्या, पातळ वरण आणि मूठभर भात असतो, तर दिवसाचा सराव सकाळ-संध्याकाळचा असतो. खर्च इतका आणि जमा इतकीच असली की शरीर काटकसर सुरू करते आणि सर्वांत आधी प्रजननाचे काम बंद ठेवते. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी झाले की हाडांची झीज भरून निघण्याचा वेग मंदावतो आणि धावण्याच्या रोजच्या आघाताने नडगीच्या हाडाला बारीक भेग पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये सरावाच्या मानाने खाणे कमी पडण्याच्या या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढले. मुलांमध्येही ती आढळते, परंतु मुलीच्या शरीरात पाळीच्या रूपाने धोक्याची घंटा आधी वाजते आणि आमच्याकडे तीच घंटा शुभशकुन मानली गेली.

नडगीचे दुखणे ओळखायला शिका. हाडाच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेली ठणक बहुधा सरावाची असते, पण अंगठ्याच्या टोकाने झाकता येईल एवढ्याच जागी दाबल्यावर कळ निघत असेल, एका पायावर उडी मारताना ती वाढत असेल आणि रात्री झोपेतही जाणवत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ही भेग पुष्कळदा दिसत नाही. माझाही एक्स-रे स्वच्छ आला, त्यावरून मी नाटक करते असे ठरले आणि खरी गोष्ट पुढे एमआरआयमध्ये दिसली. सलग तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणे हे घोटा मुरगळल्यावर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाण्याइतकेच साधे काम आहे.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. खाणे वाढवले, सराव काही काळ उतरवला की पाळी बहुतेक जणींची परत येते, हाड जुळते आणि वेळही परत मिळतो; मीही पुन्हा शर्यती धावले. आपल्या घरची नागलीची भाकरी, उडदाचे वरण, शेंगदाणे यांना कमी लेखून चकचकीत डब्यातल्या पावडरीवर घरचे पैसे घालवू नका. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. त्यासोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या आणि जेवणाला लागून चहा घेण्याची सवय सोडा, कारण त्याने अन्नातले लोह अंगी कमी लागते. ‘स्पर्धेआधी एक सलाईन लावून ये’ असा सल्ला देणारा मनुष्य तुमचा हितचिंतक नाही. रुग्णालयातील रीतसर उपचार किंवा पूर्वपरवानगी यांखेरीज १२ तासांत १०० मिलिलीटरपेक्षा अधिक द्रव शिरेतून घेणे हा उत्तेजकविरोधी नियमांचा भंग आहे, मग त्या बाटलीत काहीही असो.

या खेळाचा इतिहास पाहिला की आमच्या प्रशिक्षकांचे वाक्य कोठून आले असावे ते समजते. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या, त्यांना ते झेपत नाही अशी हाकाटी झाली आणि ही शर्यत १९६० पर्यंत त्यांच्यासाठी बंद राहिली. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आणि १०,००० मीटर १९८८ मध्ये आली. पॅरिसमध्ये २०२४ साली स्त्री-पुरुषांना सारख्या जागा मिळाल्या आणि स्त्रियांची मॅरेथॉन अखेरच्या दिवशी झाली. पूर्वी या शरीराला झेपणार नाही म्हणून त्याचा विचार झाला नाही, आता सगळी शरीरे सारखीच म्हणून होत नाही. म्हणून प्रशिक्षक निवडताना त्यांची पदके मोजू नका, त्यांच्याकडे सराव केलेल्या मुली पाच-सहा वर्षांनंतरही धावत आहेत का ते पाहा आणि पाळीची नोंद सरावाच्या डायरीत ठेवली तर चालेल का, असे सरळ विचारा. प्रश्न ऐकून जो मान फिरवतो त्याच्याकडून इंटरव्हल शिकण्यात अर्थ नाही. माझे मत काहींना पटणार नाही, पण नावाजलेल्या गुरूपेक्षा दुखापतीतून सावरलेली सिनियर मुलगी नवख्या मुलीच्या अधिक उपयोगी पडते.

पैशांबद्दल थोडक्यात. मुंबई मॅरेथॉनमध्ये स्त्री आणि पुरुष विजेत्यांना सारखेच बक्षीस मिळते. भारतीय क्रिकेटमध्ये २०२२ पासून आंतरराष्ट्रीय सामन्याचे मानधन सारखे झाले, म्हणजे कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. वार्षिक करारांत मात्र मोठी तफावत राहिली. गावोगावच्या शर्यतींत दरी वेगळ्या रीतीने पडते: पुरुषांना १० किलोमीटर, महिलांना ५ किलोमीटर आणि अंतर कमी म्हणून बक्षीसही कमी. माहितीपत्रक नीट वाचा, आयोजकांना लेखी विचारा आणि बक्षीस स्वतःच्या नावाच्या खात्यातच घ्या.

छळाबाबत एक गोष्ट फार थोड्या मुलींना माहीत असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे ठिकाण यांचाही समावेश आहे, मग तेथे निवासाची सोय असो वा नसो. संस्थेत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते आणि मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो.

राहिला नोकरीचा प्रश्न. राज्य शासनाच्या १ जुलै २०१६ च्या निर्णयानुसार प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र पेटीत असणे पुरेसे नाही, त्याची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून झालेली असावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा पदक मिळाल्या हंगामातच हे काम उरका. लग्नानंतर आधारवर नाव बदलणार असाल तर दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि क्रीडा प्रमाणपत्रावरील नावाशी त्याचा मेळ बसवणारी कागदपत्रे, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद, अर्जासोबत जोडण्यासाठी आधीच तयार ठेवा. मुलांना या कागदासाठी कधी रांगेत उभे राहावे लागत नाही.