लस्टरची आखणी: स्ट्राइपचे गणित आधी सोडवा

लस्टर ही क्लस्टरची, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहाची, फाइल सिस्टिम; ती फाइली अनेक सर्व्हरवर पसरवून ठेवते. ‘किती टेराबाइट हवेत’ या प्रश्नाने तिची आखणी सुरू करू नका. आधी सध्याच्या फाइलींचे आकार मोजा: ६४ केबीपेक्षा लहान किती, १ जीबीपेक्षा मोठ्या किती. प्रत्येक प्रोसेस आपापली फाइल लिहिते की सगळ्या मिळून एकच, हेही बघा.

मेटाडेटासाठी (फाइलींची नावे, मालक, जागा यांच्या नोंदी) मिरर केलेल्या, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर ठेवणाऱ्या, एसएसडी. त्यांवर एलडिस्कएफएस (लस्टर सर्व्हरच्या डिस्कवरची फाइल सिस्टिम) वापरत असाल तर आयनोडची (प्रत्येक फाइलीमागे एक नोंद) संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, तेव्हा अंदाजाच्या दुप्पट ठेवा. ऑब्जेक्ट सर्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष डेटा ठेवणारे, जोडीने लावा, एक पडला की दुसऱ्याने त्याच्या डिस्क उचलल्या पाहिजेत.

प्रत्येक ओएसटी (ऑब्जेक्ट सर्व्हरमागचा डिस्कचा एक गट) म्हणजे रेड-६ (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकवणारी मांडणी), ८ डेटा आणि २ पॅरिटी (बिघाड भरून काढणाऱ्या) डिस्क, चंक (एका डिस्कवर एका वेळी जाणारा तुकडा) १२८ केबी. ८ × १२८ म्हणजे बरोबर १ एमबी. लस्टरचे १ एमबीच्या पटीतले लिखाण त्यात चपखल बसते. ९ किंवा १० डेटा डिस्क घेतल्या की हे जुळत नाही, आणि पॅरिटी काढण्यासाठी आधी जुने ब्लॉक वाचावे लागतात. डिस्कवर पार्टिशनही करू नका, सुरुवातीची जागा सरकली तरी हाच घोटाळा होतो.

आता स्ट्राइप, म्हणजे एका फाइलीचे तुकडे किती ओएसटींवर पसरवायचे ते. इथेच सगळे अडकतात. ‘वेग हवा तर प्रत्येक फाइल सगळ्या ओएसटींवर पसरवा’ हा सल्ला सर्रास मिळतो, तो साफ चुकीचा आहे. अशा पसरवलेल्या लहान फाइलीचा नुसता आकार विचारला तरी प्रत्येक ओएसटीकडे चौकशी जाते, आणि एक ओएसटी बंद पडला की जवळपास प्रत्येक फाइल अडते. उलट सगळीकडे एकच स्ट्राइप ठेवली तर एखादी प्रचंड फाइल एकच ओएसटी भरून टाकते: एकूण जागा भरपूर दिसते आणि जॉब मात्र ‘जागा नाही’ म्हणून मरतो.

लस्टरच्या २.१० आवृत्तीपासून प्रोग्रेसिव्ह लेआउट (फाइल वाढेल तसे स्ट्राइप वाढवणारी मांडणी) आहे, तोच वापरा. पहिल्या ६४ एमबीला १ स्ट्राइप, ४ जीबीपर्यंत ४, त्यापुढे सगळे ओएसटी. हे मूळ डिरेक्टरीवर लावा, तेही वापरकर्ते येण्याआधी. फाइलीचा लेआउट ती तयार होताना ठरतो. नंतर डिरेक्टरीची सेटिंग बदलून जुन्या फाइली बदलत नाहीत, त्याच फाइल सिस्टिममध्ये ‘एमव्ही’ (फाइल हलवण्याची आज्ञा) करूनही नाहीत. त्यासाठी लस्टरची ‘एलएफएस मायग्रेट’ ही आज्ञा चालवावी लागते.

सगळ्या प्रोसेस एकाच फाइलीत लिहीत असतील तर त्यांच्या लिखाणाच्या सीमा स्ट्राइपच्या सीमांशी जुळल्याच पाहिजेत. ४ एमबीचे ब्लॉक असतील तर स्ट्राइपच्या तुकड्याचा आकारही ४ एमबी. एचडीएफ५ ही वैज्ञानिक डेटा साठवण्याची लायब्ररी फाइलीच्या सुरुवातीला स्वतःची माहिती ठेवते, त्यामुळे अलाइनमेंट (ब्लॉक कोणत्या सीमेवर सुरू व्हावेत) वेगळी सांगितली नाही तर पुढचे सगळे ब्लॉक सरकतात आणि क्लायंट (फाइली वापरणारे नोड) एकमेकांच्या लॉकसाठी, म्हणजे त्या भागात लिहिण्याच्या परवानगीसाठी, ताटकळतात.

वेगाची चाचणी आयओआर या प्रोग्रॅमने घ्या. डेटा क्लायंटच्या एकूण रॅमच्या दुप्पट हवा, आणि वाचन दुसऱ्या नोडकडून करवा, नाहीतर तुम्ही कॅश मोजत बसाल. मेटाडेटाची चाचणी एमडीटेस्ट या प्रोग्रॅमने वेगळी.