परदेशात प्रवेश करताना पैशांचा पुरावा: तयारी कशी करावी

व्हिसा हातात आला की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात व्हिसा तुम्हाला सीमेपर्यंत नेतो. आत सोडायचे की नाही, हे इमिग्रेशन काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, आणि तिथे तो विचारू शकतो: इथे राहण्याचा खर्च कसा करणार? ज्या देशांत व्हिसाची गरज नसते किंवा तो उतरल्यावर मिळतो, तिथे तर हा प्रश्न पहिल्यांदा विमानतळावरच पुढे येतो. खात्यात भरपूर पैसे असूनही लोक इथे अडकतात. कारण नुसती रक्कम पुरत नाही. ती तुमची आहे, लगेच खर्च करता येईल अशी आहे आणि तुम्ही सांगत असलेल्या प्रवासाला साजेशी आहे, या तिन्ही गोष्टी कागदावर दिसाव्या लागतात.

आधी त्या देशाचा नियम पाहा

शेंगेन देशांसाठी (आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी न करणारे युरोपातले देश) युरोपीय संघाचा २०१६/३९९ क्रमांकाचा सीमा-नियम आहे. त्याच्या सहाव्या कलमानुसार बाहेरून येणाऱ्याकडे मुक्कामाच्या आणि परतीच्या खर्चाची सोय असली पाहिजे. दिवसाला किती धरायचे, हे मात्र प्रत्येक देश स्वतः ठरवतो, त्यामुळे आकड्यांत बराच फरक आहे. जर्मनीने माणशी दिवसाला ४५ युरो जाहीर केले आहेत. बेल्जियम हॉटेलात उतरणाऱ्यासाठी ९५ आणि कुणाच्या घरी राहणाऱ्यासाठी ४५ युरो धरते. फ्रान्समध्ये हॉटेलचे बुकिंग असेल तर ६५ आणि नसेल तर १२० युरो. म्हणजे बुकिंगच्या एका कागदाने लागणारी रक्कम जवळपास निम्मी होते. मुक्कामाचे आरक्षण शेवटच्या क्षणापर्यंत लांबवू नका, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

न्यूझीलंड पर्यटकाकडून महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलरची अपेक्षा करते. राहण्याचे पैसे आधीच भरलेले असतील तर ४०० पुरतात. थायलंडमध्ये उतरल्यावर व्हिसा घेणाऱ्याला माणशी १०,००० बाथ आणि कुटुंबामागे २०,००० बाथ दाखवता आले पाहिजेत.

ब्रिटन आणि अमेरिका पर्यटकांसाठी ठरावीक आकडा देत नाहीत. आकडा नाही म्हणजे अट नाही, असा अर्थ काढू नका. ब्रिटनच्या नियमात काम न करता आणि सरकारी मदत न घेता सगळा वाजवी खर्च, परतीच्या प्रवासासह, भागला पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. अशा ठिकाणी तुमचा हिशेब पटतो का, यावर निर्णय होतो.

हे दर बदलत राहतात. तिकीट काढण्यापूर्वी आणि पुन्हा निघण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्या. ओळखीच्या माणसाला मागच्या वर्षी कुणी काही विचारले नाही, यावर विसंबू नका.

मग हिशेब मांडा

स्पेनचे उदाहरण घेऊ, कारण तिथे एक बारकावा हमखास निसटतो. तिथला दैनिक दर किमान मासिक वेतनाच्या १० टक्के असतो. २०२५ साली हे वेतन १,१८४ युरो होते, म्हणजे दर ११८.४० युरो. बारा दिवसांसाठी १,४२०.८० युरो झाले. पाच दिवसांसाठी गुणाकार ५९२ येतो; पण मुक्काम कितीही छोटा असला तरी वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे १,०६५.६० युरो, दाखवता आलेच पाहिजेत. आणि ही रक्कम माणशी आहे. दोघे जात असाल तर दुप्पट.

अनेक देश एकाच फेरीत करणार असाल तर ज्या देशात जितके दिवस, तितक्या दिवसांना त्या देशाचा दर लावून बेरीज करा. जिथे दर ठरलेला नाही तिथे मुक्काम, जेवण, स्थानिक प्रवास, विमा आणि अडीअडचणीसाठी थोडी जादा रक्कम असा एका पानाचा तक्ता करा. तो तारखांसकट छापून जवळ ठेवा. बोलताना गडबडायला होते तेव्हा असे पान मोठा आधार देते.

पुरावा गोळा करा

शेंगेनच्या नियमात रोख रक्कम, प्रवासी धनादेश, क्रेडिट कार्ड आणि यजमानाचे हमीपत्र यांचा उल्लेख आहे. पण कार्ड नुसते दाखवून त्यात किती पैसे आहेत ते कळत नाही, म्हणून सोबत बँक स्टेटमेंट हवेच. शेवटच्या तीन ते सहा महिन्यांचे, बँकेच्या शिक्क्याचे स्टेटमेंट घ्या. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुरेसा धरला जाईलच असे नाही. खात्यावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, तेही पाहा. घर, जमीन, दागिने यांची किंमत कितीही असो, त्यातून उद्याचे हॉटेलचे बिल भरता येत नाही. मालमत्तेचे कागद तुम्ही मायदेशी परत जाल हे पटवायला उपयोगी पडतात, खर्चाची सोय म्हणून नाही.

आता स्टेटमेंट अधिकाऱ्याच्या नजरेने वाचा. दर महिन्याच्या सुरुवातीला पगार जमा होतो, घरभाडे आणि हप्ते जातात, महिनाअखेर थोडी शिल्लक उरते. असे पाच महिने चालले आहे आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम मोठी रक्कम जमा झालेली दिसते, पगाराच्या सहापट. शेवटची शिल्लक उत्तम आहे, पण वाचणाऱ्याची नजर त्या एकाच ओळीवर थांबते. पैसे कुणाकडून तरी फक्त दाखवण्यापुरते आणले असावेत, हा संशय तिथेच येतो.

रक्कम खरोखर तुमची असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मुदत ठेव मोडली असेल तर बँकेची पावती, गाडी विकली असेल तर विक्रीचा करार, बोनस असेल तर पगारपत्रक जोडा. त्यावर दोन-तीन वाक्यांची टीप लिहा: अमुक तारखेची अमुक जमा या व्यवहाराची आहे, कागद सोबत आहे. स्टेटमेंटवर त्या ओळीला पेन्सिलीने खूण करून ठेवा. विचारण्याआधीच उत्तर समोर असले की शंकेला जागा राहत नाही.

उसने पैसे फिरवून दाखवणे किंवा बनावट स्टेटमेंट करून घेणे, या वाटेला कृपा करून जाऊ नका, एजंट कितीही खात्री देवो. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर कॅनडा पाच वर्षे आणि ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकते.

खर्च दुसरे कुणी करणार असेल तर

आईवडील, जोडीदार किंवा तिकडचा नातेवाईक खर्च करणार असेल तर त्याचे सही केलेले पत्र, त्याचे स्टेटमेंट, उत्पन्नाचा दाखला आणि नात्याचा पुरावा, हे चारही लागतील असे धरून चाला. काही देशांत साधे पत्र चालत नाही. जर्मनीत यजमानाला सरकारी कार्यालयात औपचारिक हमी द्यावी लागते आणि पुढे पाहुण्याचा खर्च सरकारवर पडला तर तो त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. स्पेनचे निमंत्रणपत्र फक्त राहण्याची सोय सिद्ध करते. पैसे वेगळे दाखवावेच लागतात.

विद्यार्थ्यांचे नियम स्वतंत्र आणि जास्त काटेकोर आहेत. ब्रिटनसाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, एक दिवसही शिल्लक त्याखाली जाऊन चालत नाही, आणि तो शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. जर्मनीत सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, ठेवावे लागतात. कॅनडात १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. कॅनडाच्याच क्वेबेक प्रांताचा नियम वेगळा आहे.

विमानतळावर

सगळे कागद हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या सामानात गेलेली फाइल काउंटरवर काही कामाची नाही. पहिली तपासणी निघतानाच होऊ शकते, कारण प्रवाशाला परत पाठवले तर त्याला माघारी आणण्याची जबाबदारी सहसा विमान कंपनीवर येते. म्हणून कंपनीचे कर्मचारी परतीचे तिकीट आणि इतर अटी बघतात.

रोख बरीच नेत असाल तर कस्टम्सचा नियम लक्षात ठेवा: युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त आणि अमेरिकेत १०,००० डॉलरहून जास्त रक्कम जाहीर करावी लागते. नेण्यावर बंदी नाही, लपवणे मात्र महागात पडते.

काउंटरवर विचारले तेवढेच आणि खरे सांगा. किती दिवस? “बारा.” कुठे राहणार? “या हॉटेलात, पैसे भरलेत.” खर्चाचे काय? “हे कार्ड, हे स्टेटमेंट आणि एवढी रोख.” एवढे पुरते. सगळी फाइल एकदम पुढे ढकलू नका. मागितला तो कागद द्या. कुटुंब बरोबर असेल तर कुणाकडे काय आहे आणि किती दिवसांचा बेत आहे, हे प्रत्येकाला माहीत असू द्या.

तरीही प्रवेश नाकारला गेला तर वाद न घालता कारण लेखी मागा. शेंगेन सीमेवर यासाठी ठरावीक फॉर्म असतो. त्यात पुरेशी साधने नाहीत हे एक स्वतंत्र कारण आहे, आणि निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्कही असतो. तो कागद जपून ठेवा. पुढच्या व्हिसा अर्जात याआधी कधी नकार मिळाला आहे का, असे विचारले तर खरे उत्तर लिहा, त्या फॉर्मची प्रत जोडा आणि तेव्हा कमी पडलेली गोष्ट आता कशी पुरी केली आहे ते दोन ओळींत मांडा.