शहरातली साळुंकी, बागेतली साळुंकी: हुशारीची तुलना कशी करावी

नागपूरच्या सीताबर्डीतल्या गच्चीवर येणारी साळुंकी काटोलच्या संत्राबागेतल्या साळुंकीपेक्षा हुशार असते का, हे ताडून पाहायचे असेल, तर भीती आणि बुद्धी यांची नोंद आधीपासूनच वेगळी ठेवावी. माझी पहिल्या हिवाळ्यातली सगळी वही याच चुकीने बाद झाली: बागेतले पक्षी वाटीजवळ फिरकले नाहीत आणि मी त्यांना मंद ठरवले.

उथळ वाटीत पोळीचा चुरा घालून त्यावर पारदर्शक झाकण नुसते टेकवावे, म्हणजे चोचीने ढकलल्यावर ते सरकते. बागेतल्या साळुंकीला पोळीची सवय नसते, म्हणून आधी काही दिवस दोन्हीकडे उघड्या वाटीत तोच चुरा द्यावा आणि तो संपू लागल्यावरच झाकण ठेवावे. मग दोन नोंदी कराव्यात: वाटी ठेवल्यापासून पहिली चोच लागेपर्यंतचा वेळ, आणि तिथून झाकण सरकेपर्यंतचा वेळ. पहिला धीटपणाचा, दुसरा युक्तीचा. साळुंकी आधी झाकणाच्या मधोमध, खाली चुरा दिसतो तिथेच टोचत राहते. ती कडेकडे केव्हा वळते, हे बारकाईने लिहावे, कारण खरी उकल तिथे सुरू होते.

ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात नेलेल्या याच साळुंकीवर तिथे प्रयोग झाले, तेव्हा कोडे लवकर सुटण्यामागे भूक आणि नव्या वस्तूची कमी भीती यांचा मोठा वाटा दिसला. म्हणून दोन्ही ठिकाणी चाचणी डिसेंबर-जानेवारीत, उजाडल्यानंतरच्या पहिल्या तासातच घ्यावी. एकीचे पाहून दुसरी शिकू शकते, त्यामुळे प्रत्येक थव्यातली पहिलीच उकल धरावी. गोरेवाडा किंवा पेंचच्या जंगलात मात्र काहीही खायला टाकू नये.

वेगळ्या प्राण्यांना हीच वाटी लावणे अन्यायाचे ठरते. १९७० साली मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींवर केलेली आरशाची परीक्षा, म्हणजे प्राणी आरशात स्वतःला ओळखतो का हे पाहणे, नजरेवर उभी आहे. वासावर जगणारा कुत्रा तिच्यात मागे पडतो, यात नवल नाही. फुटाळा तलावाच्या काठावरच्या बगळ्याला प्रकाशाच्या अपवर्तनामुळे मासा खऱ्या जागेहून वर दिसतो, तरी तो त्याला अचूक टिपतो. त्याच्या शंभर झडपांपैकी किती साधल्या, हे वेगळ्या पानावर मोजावे आणि त्या आकड्याशेजारी साळुंकीचे सेकंद लिहू नयेत.