घरच्या छोट्या पिंपात पोर्ट वाइन मुरवताना

‘पिंपात वाइन भरा आणि वर्षभर विसरून जा’ हा गोव्यात सर्रास ऐकू येणारा सल्ला पाच लिटरच्या ओकच्या पिंपाला मुळीच लागू पडत नाही. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातील पोर्ट, म्हणजे ब्रँडी घालून कडक केलेली वाइन, सुमारे 550 लिटरच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरते. त्या मानाने आपल्या पिंपात प्रत्येक लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग जवळजवळ पाचपट असतो.

नवे पिंप गरम पाण्याने काठोकाठ भरावे आणि रोज पाणी बदलत, फळ्या फुगून गळती थांबेपर्यंत दोन-तीन दिवस तसेच ठेवावे. साबण लावू नये.

वाइन घेताना लेबलावरील मद्यार्काचे प्रमाण वाचावे. अस्सल पोर्टमध्ये ते साधारण 19 ते 22 टक्के असते. त्याहून बरीच सौम्य वाइन पिंपातील हवेने आंबून व्हिनेगरच्या वाटेला लागते. 14 टक्क्यांच्या चार लिटर वाइनमध्ये 42.8 टक्क्यांची, निव्वळ द्राक्षांची ब्रँडी सुमारे 840 मिलिलिटर घातली की प्रमाण 19 टक्क्यांच्या आसपास येते आणि पिंपही जवळजवळ भरते.

खरी कसोटी लागते ती कोऱ्या लाकडाशी, आणि मला सर्वांत जास्त झुंजवले ते यानेच. कोरे ओक पहिल्या काही आठवड्यांतच इतका तुरटपणा सोडते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तर इतक्या झपाट्याने, की फळाचा स्वाद त्याखाली पार दबून जातो. म्हणून पहिली भरण स्वस्त वाइनचीच असावी, असे माझे ठाम मत आहे. दर आठवड्याला चमचाभर चाखावी. कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळू लागली की त्याच दिवशी सगळी वाइन काढून घ्यावी. ‘अजून थोडी राहू दे, मऊ होईल’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये, कारण लाकडाचा अतिरेक पिंपात राहून कमी होत नाही, वाढतोच. ही वाइन नाताळच्या केकचे बेदाणे भिजवायला उत्तम. दुसरी भरण याहून बरीच जास्त टिकते, आणि चांगली वाइन तिसऱ्या भरणीपूर्वी पिंपात घालूच नये.

पिंप पत्र्याच्या छपराखाली न ठेवता तळमजल्यावरील अंधाऱ्या खोलीत आडवे ठेवावे. पावसाळ्यातील दमट हवेत पाण्यापेक्षा मद्यार्कच अधिक उडतो, त्यामुळे वाइन हळूहळू सौम्य होते. जून ते सप्टेंबर या काळात महिन्यातून एकदा तूट भरून काढताना त्यात थोडी ब्रँडीही मिसळावी. बाहेरून बुरशी दिसल्यास ब्रँडीत भिजवलेल्या फडक्याने पुसावी. बुचाभोवतीचा भाग मात्र विसरू नये.

चव जमली की वाइन काचेच्या बाटल्यांत भरावी. रिकामे पिंप सुकू देऊ नये: लगेच दुसरी वाइन नसेल, तर प्रतिलिटर पाण्यात 2 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (जंतूंची वाढ रोखणारी पूड) आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून त्याने ते काठोकाठ भरावे, आणि पुढच्या भरणीआधी साध्या पाण्याने अनेकदा विसळून घ्यावे.