ऑर्थोच्या वॉर्डात दारू सुटलेला पेशंट: नवीन स्टाफसाठी

सांगली-मिरजेत नवीन लागलेल्यांनो, दारू सुटल्याचा त्रास, म्हणजे रोजची दारू अचानक थांबल्यावर होणारा, फक्त व्यसनमुक्ती केंद्रात दिसतो असं समजू नका. गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस दोन दिवस बरा असतो. मग रात्री चादर ओढायला लागतो, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो. नातेवाईक म्हणतात, इंजेक्शनची रिअॅक्शन आली.

फसगत होते ती वेळ मोजण्यात. तास अॅडमिशनपासून मोजू नका, शेवटच्या घोटापासून मोजा. ६ ते ८ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. फिट ६ ते ४८ तासांत येऊ शकते. भ्रम, ताप, पळणारी नाडी साधारण ४८ ते ९६ तासांत. रात्री ९ ला प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी ३ ला आला, तर १८ तास आधीच गेलेत. फिटची वेळ सुरू झालेली आहे. 'पिता का?' असं बायको-सासऱ्यासमोर विचारलं की उत्तर 'कधीतरी' असंच येणार. पडदा ओढा. शेवटची कधी घेतली, रोज किती क्वार्टर, सकाळी उठल्या उठल्या लागते का, पूर्वी फिट आली होती का, हे साध्या आवाजात विचारा. वेळ पेपरवर लिहा आणि पुढच्या ड्यूटीला ओव्हर देताना तोंडीही सांगा.

सीवा स्कोअर (CIWA, दारू सुटल्याचा त्रास किती आहे ते मोजायचा तक्ता) लांबून बघून भरणं मला अजिबात पटत नाही, मग सिनियर कितीही अनुभवी असो. हात पुढे, बोटं पसरलेली, तेव्हाच थरथर कळते. पूर्ण भ्रमात गेलेल्या, उत्तरं न देणाऱ्या पेशंटवर मात्र त्या स्कोअरची भिस्त ठेवू नका.

डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची सलाईन) लावण्याआधी थायमिनची (व्हिटॅमिन बी१) ऑर्डर आहे का बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. शुगर खूपच खाली असेल तर ग्लुकोज अडवायचं नाही, थायमिन सोबतच द्यायचं. लोराझेपामनंतर (हा त्रास शांत करणारं, गुंगी आणणारं औषध) पेशंट गप्प झाला म्हणून पाठ फिरवू नका. पूर्ण मिनिटभर श्वास मोजा, ऑक्सिजन सॅच्युरेशन बघा.

घाबरू नका, वेळेत ओळखलं तर बहुतेक पेशंट सावरतात. बायको हळूच विचारते, 'थोडी आणून देऊ का?' तिच्यावर ओरडू नका. औषध चालू आहे, दारू द्यायची नाही, आणि थरथर वाढली किंवा असंबद्ध बोलायला लागले तर मध्यरात्रीही हाक मारा, एवढं तिला समजावून सांगा. दिवा मंद ठेवा, पण बंद करू नका.