नट हलेना? जोर वाढवण्याआधी या चुका टाळा

उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी नवी पोरं शिकायला येतात. त्यातली निम्मी तालमीत घुमलेली. पहिल्याच आठवड्यात एखादा गंजलेल्या नटाशी झुंजून बोटं सोलून घेतो. त्याच्या दंडात कमी काही नसतं, त्यानं पाना मध्यावर धरलेला असतो.

नट फिरतो तो बळ गुणिले नटाच्या मध्यापासूनचं अंतर, या हिशोबानं. शाळेच्या पुस्तकात याला बलाचं आघूर्ण म्हणतात, आम्ही टॉर्क. ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला २५ किलोचा जोर लावला की साधारण १०० न्यूटन-मीटर मिळतात. हात मध्यावर आला की निम्मेच. पाना तिरका ओढणं ही त्याचीच जुळी चूक. जोर पान्याशी काटकोनात हवा. कोन ३० अंशांचा झाला, तर फिरवायला निम्माच जोर कामी येतो.

स्क्रू पान्याची तऱ्हा वेगळी. त्याचा एक जबडा पक्का, दुसरा सरकता. ओढीचा भार पक्क्या जबड्यावर यायला हवा. उलटा लावला की सरकता जबडा फाकतो, पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. मग बसा छिन्नी घेऊन.

पान्यावर पाइप चढवायची युक्ती सगळ्यांनाच ठाऊक. नट सोडवताना, आधी तेल सोडून थोडं थांबून, मीही ती कधीमधी करतो. आवळताना मात्र अजिबात नको. लांबी दुप्पट झाली की टॉर्क दुप्पट, पण हाताला तो जाणवत नाही. छोट्या मोटारीच्या चाकाच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. त्यावर दुप्पट ताकद घातली की बोल्ट ताणला जातो, नाहीतर आटे जातात. उमेदवारीत असताना एका पंपाच्या बिडाच्या कव्हरचे आटे मी असेच घालवले होते. कव्हर पदरचं द्यावं लागलं, वर मालकाच्या शिव्या.

पहारीनं वजन उचलताना लोक टेकू लांब ठेवतात. ५ फुटी पहार आणि १८० किलोची मोटर धरा. टेकू वजनापासून १ फुटावर ठेवला तर ४५ किलोचा जोर लागतो. ६ इंचांवर ठेवला तर फक्त २०. याची किंमत अंतरात मोजावी लागते. आपलं टोक ९ इंच खाली गेलं तेव्हा मोटर जेमतेम १ इंच उचलते. "काही होईना" म्हणून टेकू मागं सरकवणारे इथंच फसतात. आणि त्या टेकूवर १८० अधिक २०, म्हणजे २०० किलो येतात. काळ्या मातीत विटेचा तुकडा तेवढ्यानं रुततोच, खाली फळी घाला. राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, तिथंही अशाच तोलाचा खेळ आहे.

झुकलेलं फाटक घेऊन येणारे बहुतेक जण खालची बिजागरी बदलायला सांगतात. ती बिचारी निर्दोष असते. फाटकाचं वजन त्याच्या मध्यावर असतं, त्यामुळे ते वळू पाहतं. वरची बिजागरी खांबातून उपटली जाते, खालची उलट आत दाबली जाते. ४० किलोचं ४ फूट रुंद फाटक असेल आणि बिजागऱ्यांमध्ये २ फूट अंतर असेल, तर वरचीवर सुमारे ४० किलोची आडवी ओढ येते. तेच अंतर ४ फूट केलं की २० किलो. म्हणून आधी वरची पक्की करा, बिजागऱ्या जितक्या लांब-लांब बसवता येतील तितक्या बसवा.

तिरका आधार देतानाही गल्लत होते. तार किंवा सळई ओढ घेते, म्हणून ती वरच्या बिजागरीपासून मोकळ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे हवी. लाकडी पट्टी दाब घेते. ती खालच्या बिजागरीपासून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे न्या. उलटी ठोकलेली पट्टी फाटकाचं वजन तेवढं वाढवते.