‘४२८’ मध्ये अडकलात? मग या चुका टाळा

टोकियोतल्या शिबुया स्टेशनबाहेर हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यासमोर हितोमी ओसावा नावाची मुलगी बॅग घेऊन उभी आहे. तिच्या जुळ्या बहिणीचं, मारियाचं अपहरण झालंय. बॅगेत खंडणीची रक्कम आहे आणि आसपासच्या गर्दीत साध्या वेशातले पोलीस पेरलेले आहेत. तारीख २८ एप्रिल, वेळ सकाळी १०ची. ‘४२८: शिबुया स्क्रॅम्बल’ हा व्हिडिओ गेम इथून सुरू होतो आणि रात्री ८ला संपतो. नावातला आकडा म्हणजे हीच तारीख.

चुनसॉफ्ट या जपानी कंपनीचा हा गेम २००८ मध्ये जपानात निन्टेन्डो वीवर आला आणि ‘फामित्सू’ या तिथल्या गेमविषयक साप्ताहिकाने त्याला ४० पैकी ४० गुण दिले. इंग्रजी आवृत्तीला २०१८ उजाडलं. ती प्लेस्टेशन ४ आणि विंडोज पीसीवर मिळते. एवढं कौतुक ऐकून गेम घ्यायचा आणि पहिल्या दोन तासांच्या कथेतच वैतागून बाजूला टाकायचा, हे सहज होऊ शकतं. गेम अवघड नाही. फक्त इथे चूक जिथे दिसते तिथे झालेली नसते, हे एकदा डोक्यात बसावं लागतं.

एकालाच धरून पुढे पळणं

इतर व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे कथा वाचत मधूनमधून पर्याय निवडायचे गेम, खेळलेल्यांना एक सवय लागलेली असते: एक पात्र निवडायचं, त्याची वाट शेवटपर्यंत न्यायची, मग दुसरं. इथे ते चालणार नाही. मुख्य पात्रं पाच आहेत. तपासावरचा तरुण पोलीस कानो. एकेकाळी टोळीचा म्होरक्या असलेला आणि आता रस्त्यावरचा कचरा उचलत फिरणारा आची. मुलींचे वडील, विषाणूतज्ज्ञ ओसावा. कर्जात बुडालेल्या मित्राचं मासिक वेळेत उभं करायला धावपळ करणारा पत्रकार मिनोरिकावा. आणि मांजराच्या पोशाखात अडकलेली तामा, जिला स्वतःबद्दल काहीच आठवत नाही. कथा एकेका तासाच्या तुकड्यांत विभागलेली आहे. त्या तासातल्या सगळ्यांच्या गोष्टी ‘क्रमशः’पर्यंत पोचल्याशिवाय पुढचा तास उघडत नाही. म्हणून आवडत्या पात्रामागे कितीही धावलात तरी बाकीच्यांसाठी परत यावंच लागतं. थोडं कानोचं वाचा, थोडं आचीचं वाचा, घड्याळ साधारण बरोबर ठेवा.

बॅड एंड आला की त्याच पात्राचे पर्याय बदलत बसणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बॅड एंड म्हणजे गोष्ट मध्येच वाईट वळणावर संपणं. समजा, कानोची गोष्ट ११ वाजून ४० मिनिटांनी अशी भलत्याच ठिकाणी संपली. आपण लगेच कानोचे पर्याय उलटसुलट करून बघतो. हा निवडला, तो निवडला, तरी परिणाम तोच. कारण घोळ कानोने घातलेलाच नसतो. त्याआधी दुसऱ्याच कोणीतरी एक अगदी किरकोळ निर्णय घेतलेला असतो: थांबायचं की निघायचं, बोलायचं की गप्प बसायचं. त्या माणसाला त्याचा काहीच त्रास होत नाही, त्याची गोष्ट मजेत पुढे जाते. फटका बसतो तो दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला, आणि दोघांना एकमेकांचं नावही माहीत नसतं.

यावर उपाय म्हणजे बॅड एंडचा मजकूर नीट वाचणं. तो का ओढवला याचा धागा बहुतेक वेळा तिथेच असतो: कोणीतरी मध्ये आलं, एखादी वस्तू जागेवर नव्हती, कोणाला उशीर झाला. मग टाइम चार्ट उघडा. त्यात प्रत्येक पात्राचा एक रकाना असतो आणि वेळ वरून खाली सरकते. बॅड एंडच्या वेळेच्या वर नजर टाका, कारण ११:५०ला केलेल्या गोष्टीचा परिणाम ११:४०ला होणार नाही. आधी त्याच तासातले इतरांचे पर्याय तपासा, तिथे काही सापडलं नाही तर मागचा तास. वाचलेल्या जागी थेट उडी मारता येते, पहिल्यापासून वाचायची गरज नाही. तरीही काही सुचलं नाही तर बॅड एंडनंतर गेम स्वतःच इशारा देऊ करतो. तो घेण्यात कमीपणा नाही.

‘कीप आउट’ला बॅड एंड समजणं

कथा वाचता वाचता अचानक पोलिसांची काळी-पिवळी पट्टी आडवी येते: कीप आउट. इथे पर्याय बदलून काहीही होत नाही, कारण तुम्ही चुकीचं काही निवडलेलंच नाही. पट्टी काढायची किल्ली दुसऱ्याच्या गोष्टीत असते. त्या मजकुरात एखादा शब्द लाल दिसतो. त्यावर दाबलं की तुम्ही थेट अडकलेल्या पात्राकडे जाता आणि पट्टी सुटते. निळे शब्द वेगळे, त्या टिप्स, म्हणजे तळटिपा. लाल शब्द शोधताना विचार एवढाच करायचा: अडकलेला माणूस या क्षणी कोणाच्या समोर येऊ शकतो? कोणाच्या तोंडी त्याचा उल्लेख येईल? मजकूर भराभर पळवणाऱ्यांच्या हातून नेमका हाच शब्द निसटतो.

बॅड एंड म्हणजे कोणाचातरी निर्णय चुकला, कीप आउट म्हणजे दुवा राहिला. एवढा फरक कळला की निम्मी डोकेदुखी संपते.

बॅड एंड टाळत खेळणं

कागदावरची उत्तरं समोर ठेवून, एकही बॅड एंड न बघता गेम संपवणारेही असतात. त्यांनी काय मिळवलं ते त्यांनाच ठाऊक. यातले कित्येक बॅड एंड निव्वळ धमाल आहेत आणि लेखकांनी हात सैल सोडून लिहिलेत. निळ्या टिप्सचंही तसंच. काही माहिती देतात, काही सरळ थट्टा करतात. त्या वगळून कथा कळेल, गंमत मात्र निम्मीच मिळेल.

ॲनिमेची अपेक्षा ठेवणं

इथे ॲनिमेसारखी, म्हणजे जपानी ॲनिमेशनसारखी, रंगवलेली पात्रं नाहीत. खऱ्या कलाकारांचे शिबुयात काढलेले फोटो आहेत, त्यावर मजकूर, आणि संवादांना आवाज नाहीत. म्हणजे भरपूर इंग्रजी वाचायची तयारी हवी. चुनसॉफ्टची ही जुनीच पद्धत. १९९८चा ‘माची’ हा सेगा सॅटर्नवरचा गेमही शिबुयातच घडतो आणि त्यातही गोष्टी अशाच एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मूळ कथा संपल्यावरच्या जादा प्रकरणांपैकी एकात मात्र अचानक रेखाटलेली पात्रं दिसतात. ते प्रकरण नासु किनोको यांनी लिहिलंय, चित्रं ताकेउची ताकाशी यांची. गेम बिघडलेला नाही, ते तसंच आहे.

या जादा प्रकरणातूनच २००९ मध्ये ‘कॅनान’ ही १३ भागांची ॲनिमे मालिका निघाली. ती गेमच्या आधी बघू नका. तिची कथा गेमनंतरची आहे आणि २८ एप्रिलच्या संध्याकाळी कोण वाचलं, हे ती पहिल्या भागातच सांगून टाकते.